सहा सलाईन आणि एक बेलभंडार

ब्लाउज बेतायला मी जो खाकी कागद वापरते, त्याच्या एका तुकड्यावर मी सहा चौकोन आखले होते. तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार. प्रत्येक चौकोनात माझ्या धाकट्या भावाची एक सलाईन. नांदेडच्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी सगळं समजावून सांगितलं होतं. सलाईनमधून केटामाइन नावाचं औषध चाळीस मिनिटं थेंब थेंब सोडायचं, मग दोन तास तिथंच नजरेखाली ठेवायचं आणि मग घरी न्यायचं. घरी म्हणजे परभणीला, माझ्या घरी. त्याचं गाव बोरी. नांदेडहून रेल्वेनं परभणी आणि तिथून पुढं झरीवरून एस.टी.नं बोरी, एवढी दगदग त्या दिवशी नको असं मीच ठरवलं होतं. चौकोनांखाली कामं लिहिली होती. आदल्या दिवशी त्याला कोण आणणार, सकाळची गाडी कोणती, सहा तास पोटात काही नको, रक्तदाबाची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर, दिवसभर मोटारसायकलला हात लावायचा नाही, कसल्याही व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही.

यादी केली की मला बरं वाटतं. लग्नाआधीपासून शिवणकाम करते, माप घेतल्याशिवाय माझी कात्री चालत नाही. ह्या कागदात मात्र एक माप खोटं होतं, आणि ते तेरा वर्षांपूर्वी मीच माझ्या हातानं लिहून दिलेलं होतं.

भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मेंढरं, थोडी शेती, बायको, दोन मुली, आणि आई. वडील जाऊन पाच वर्षं झाली. गेली दोन वर्षं तो हळूहळू आमच्यातून उठून चालला होता. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग मेंढरांमागं जाणं. बाजेवर बसून तासन्‌तास एकाच जागी बघत राहायचा. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बदलल्या, वाढवल्या. पहिल्या गोळ्यांनी नुसती झोप आली, दुसऱ्यांनी तीही गेली, तिसऱ्यांनी काहीच झालं नाही. विजेच्या शॉकचं नाव काढलं तर आईनं अंगणात बसून असा गळा काढला की तो विषय तिथंच मिटला. मग त्याच डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. गावात ज्याला त्याला एकच प्रश्न, “कशाचं टेन्शन घेतलंय यानं?” जसं काही हा बाजारातून पिशवीत घालून घेऊन आला होता. मी तोंडाची फटकळ, दोघांतिघांना चांगलं सुनावलं. पण त्यांना तरी काय बोलायचं? खरी गोष्ट ज्यांना माहीत होती त्या आम्हीच तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

तेरा वर्षांपूर्वी दिवाळी तोंडावर आली होती. माझी सुपारी फुटली होती आणि तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. त्याच आठवड्यात भाऊ कपाशीच्या रानात पडलेला सापडला. शेतातलं औषध प्यायला होता. एकवीस वर्षांचा होता तो. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. दवाखान्यात पोचल्याबरोबर वडिलांनी सांगून टाकलं, “फवारनी करायलता, वारं उलटं सुटलं, नाकातोंडात गेलं.” फवारणीच्या दिवसांत तसे पेशंट रोजच यायचे. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोलीस आले तेव्हा वडिलांना लिहिता येत नव्हतं, आणि माझं अक्षर चांगलं. ‘फवारणी करताना विषबाधा झाली, आमची कुणावर तक्रार नाही’ असा अर्ज मीच लिहिला. दवाखान्याच्या कार्डावरही तेच चढलं.

घरी आणल्यावर वडिलांनी आम्हाला देव्हाऱ्यापुढं बसवलं. खंडोबाच्या टाकापुढं बेलाचं पान ठेवलं, त्यावर भंडारा, म्हणजे देवाची हळद. आमच्याकडं बेलभंडार उचलणं म्हणजे शेवटची शपथ. कोर्टात खोटं बोलणारा माणूससुद्धा बेलभंडार हातात घेऊन खोटं बोलत नाही. वडील म्हणाले, “पोरीचं लगीन मोडंल. ह्या घरातून ही गोष्ट भाईर जायची न्हाई. उचला.” वडिलांनी उचलला, आईनं उचलला, मी उचलला. भावाला अंथरुणातून उठवून आणला होता. उचलताना अर्धा भंडारा त्याच्या मांडीवर सांडला. खरं लपवण्यासाठी उचललेला बेलभंडार त्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या घरात झाला असेल असं मला वाटत नाही. माझं लग्न मोडलं नाही. ठरल्या तारखेला झालं.

त्यानंतर त्या खोट्यानं इतकं बाळसं धरलं की खरं कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. फवारणीचे दिवस आले की गावात म्हातारी माणसं तरण्यांना दटावतात, “तोंडाला फडकं बांधा रे, त्याचं काय झालं म्हाईत हाय न्हवं?” आणि हा स्वतः ती गोष्ट रंगवून सांगायचा. वारं कुठून आलं, पंप कसा गळत होता, डोळ्यांपुढं कसा अंधार आला. दरवर्षी ते वारं जरा जास्तच सुटायचं. चार वर्षांनी त्याचं लग्न झालं. भावजय चांगली, कामाला वाघीण, आणि ह्या गोष्टीवर तिचा पूर्ण विश्वास. तिनं त्याला फवारणीच्या पंपाला कधी हात लावू दिला नाही. पाहुण्यारावळ्यांना सांगायची, “त्यांच्या अंगाला औषध सोसत न्हाई.” मी ऐकायचे आणि मान डोलवायचे.

नांदेडला पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही तिघंच होतो, भाऊ, भावजय आणि मी. मॅडमनी त्याला खूप प्रश्न विचारले, शांतपणे, घाई न करता. दारू? नाही. कधी कानात आवाज, भास? नाही. मग त्याच आवाजात विचारलं, “यापूर्वी कधी स्वतःला संपवायचा प्रयत्न केला होता?”

भावानं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “न्हाई.”

“न्हाई ओ मॅडम, तसलं काई न्हाई,” भावजय मधेच म्हणाली. “फकस्त तेवढं फवारनीचं लागलं व्हतं, लग्नाच्या आधी. म्हनून मला भ्या वाटायलंय, ही सलाईन सोसंल का ह्यांला?” आणि तिनं फायलीतून ते जुनं कार्ड काढून पुढं ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं.

मॅडमनी कार्ड वाचलं. भावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “फवारणी करतानाच?”

मी म्हणाले, “हो मॅडम.”

एवढं बोलले मी. फटकळ बाई, गावाला सुनावणारी, आणि जिथं बोलायचं तिथं दोन शब्दांत मोकळी झाले. भाऊ माझ्याकडं बघतही नव्हता.

मॅडमनी पुढचं नियोजन सांगितलं. हे भुलीचंच औषध, पण कमी मात्रेत देतात. ही जादू नाही, काहींना दोन-तीन सलाईनमध्ये फरक दिसतो, काहींना दिसत नाही, आणि गोळ्या चालूच राहतील. सलाईन चालू असताना अंग हलकं झाल्यासारखं, आपण आपल्यापासून लांब गेल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही. याचा रक्तदाब वाढलेला आहे, तो आधी ताब्यात आणायला हवा, ई.सी.जी., म्हणजे हृदयाची पट्टी, काढायला हवी. भूल देणारे डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी येतात. “तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारपासून सुरू करू. आत्ता तरी घाई करण्यासारखं काही दिसत नाही. त्याआधी एकदा येऊन तपासण्या दाखवा आणि संमतीचे कागद भरा.” मग थांबून म्हणाल्या, “पण मधे तसा काही धोका वाटला तर वाट बघू नका. मग नियोजन वेगळं करावं लागेल. इथं ठेवून, लगेच.”

म्हणजे माझ्या एका शब्दावर ती तारीख उभी होती. परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसले आणि तीन आठवड्यांचे दिवस बोटांवर मोजले. एकवीस.

पहिला आठवडा आईनं खाल्ला. बोरीला जनावरांचे डॉक्टर येतात, त्यांना तिनं औषधाचं नाव विचारलं. लगेच मला फोन. “आगं, हे तर शेळीला द्यायचं औषध हाय म्हनं! शिंग कापायचं असलं की देत्यात. माझ्या लेकराला शेळीचं औषध द्यायलेत व्हय?”

मी म्हणाले, “आई, सलाईन बी शेळीला देत्यात. म्हनून मानसाला देत न्हाईत का?”

मागून भावाचा आवाज आला, खूप दिवसांनी जरा मोठा. “मला कमी पडलं तर मी ब्यां करून सांगतो म्हनावं.”

भावजय हसली, मी हसले. आई हसली नाही. तिनं ठरवूनच टाकलं होतं की जायचं नाही. मी मॅडमनी सांगितलेलं तिला तीनदा सांगितलं, माणसाच्या ऑपरेशनलाही हेच वापरतात हेही सांगितलं. ती म्हणायची, “मी हाय न्हवं घरी. मी बघती त्याच्याकडं.” मला तिचा राग यायचा. ती अलीकडं घराबाहेर पडतच नव्हती. भाऊबंदांच्या लग्नाला नाही, पालमला माझ्या मावशीकडं नाही. दारातल्या बाजेवर बसून राहायची, आणि खताऔषधांच्या खोलीची चावी कमरेला खोचलेली. सुनेलासुद्धा हातात द्यायची नाही, स्वतः उठून दार उघडायची. मला वाटायचं, म्हातारपणी हिला सासूपण सुचलंय.

दहा दिवस झाल्यावर मी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन बोरीला गेले. भाऊ अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसला होता. मला इतकं बरं वाटलं की मी भावजयीला म्हणाले, “आज लय दिवसांनी चेहऱ्यावर पानी दिसायलंय.”

ती म्हणाली, “हां वन्सं, तीन दिस झाले, लय गुनानं वागायलेत. मला हिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाखवला, फ्यूज गेला तर काय करायचं ते बी. मोबाइलचा नंबर, बँकेचं पुस्तक, सगळं एका डब्यात घालून दिलं. कळपातला एडका शेजारच्यांला दिऊन टाकला.”

ती आनंदानं सांगत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मॅडमनी पहिल्या दिवशी एक छापील कागद दिला होता, घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचं त्याचा. त्यात हीच निरवानिरव लिहिली होती, शब्द वेगळे होते इतकंच. मी तो कागद खाकी कागदाला टाचून ठेवला होता आणि दोनदा वाचला होता.

जेवणं झाल्यावर भावानं आतून घोंगडी आणली. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, वडिलांनी विणून घेतलेली. वडील गेल्यावर ती त्याच्या खांद्यावरून कधी खाली उतरली नव्हती. उन्हाळ्यातसुद्धा घडी करून टाकायचा. ती त्यानं माझ्या मांडीवर ठेवली.

“आक्का, ही तू घिऊन जा. मला आता लागत न्हाई.”

मी त्याला तिथंच धरून हलवायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मी फक्त घोंगडीवरची कुसळं काढत बसले.

तो गोठ्याकडं गेल्यावर मी आईला चुलीपाशी गाठलं. हळू आवाजात सगळं सांगितलं, स्टार्टर, डबा, एडका, घोंगडी. “आई, मी डॉक्टरीनबाईंला खरं सांगनार हाय. तेरा वर्सांपूर्वीचं.”

तिनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. “बेलभंडार उचललाय आपन.”

“देवाला कळत न्हाई का कशासाठी सांगायले ते?”

“देवाचं मला म्हाईत न्हाई. सुनंला कळलं तर? दोन्ही पोरी घिऊन माहेरा गेली तर त्यो पुना…” ती थांबली. भाकरीला धूर यायला लागला होता. “तुझा सोमवार कवा हाय?”

“अजून अकरा दिवस.”

“अकरा दिस मी हाय. मी बघती.”

“तू काय बघतीस? नुसती दारात बसून राहतीस!” मी ओरडलेच. तिनं जळालेली भाकरी बाजूला ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. मला वाटलं धुरानं. तिला मी किती कमी ओळखत होते, हे आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

मी मागच्या अंगणात जाऊन नांदेडला फोन लावला. तिथल्या मुलीनं विचारलं, “काय काम होतं ताई?” मी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढं माझं स्वतःचं घर आलं. नवरा, सासू. माझं लग्न ज्या खोट्यावर उभं राहिलं ते खोटं मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं, “हॅलो, काय काम होतं?” मी म्हणाले, “तपासणीला उद्या आलो तर चालेल का?” एवढंच जमलं मला. ती म्हणाली, या, दहाला या. मी फोन ठेवला.

त्या दिवशी मी परभणीला परत गेले नाही. पहाटेच्या एस.टी.नं आम्ही तिघं निघालो, तेच तिघं. आई दारात उभी होती. तिनं भावाच्या कपाळाला भंडारा लावला, जरा जास्तच, पार केसांपर्यंत. मग माझ्याकडं वळली, पण मला लावला नाही. मला वाटलं, शपथ मोडायला निघालेल्या लेकीला ही भंडारासुद्धा देत नाही. मी घोंगडी पिशवीत कोंबली.

“ही कशाला घेतलीस?” भावानं विचारलं.

“डॉक्टरीनबाईंच्या एसीत थंडी वाजती तुला.”

परभणीला गाडी अर्धा तास उशिरा आली. तेवढा वेळ मी फलाटावर त्याच्या आणि रुळांच्या मधे उभी होते. भावजय बाकड्यावर बसून चहा पीत होती आणि मला म्हणत होती, बसा की वन्सं, काऊन उभ्या हाव. मी म्हणाले, कंबर अवघडलीय.

दवाखान्यात कागद पुढं आले. संमतीपत्र, तपासण्या, आणि एक चार पानी फॉर्म. भावाला लिहिता येतं, पण गेले वर्षभर त्याचा हात कापत होता. मदतनीस मुलगी म्हणाली, “कोणाचं अक्षर चांगलं आहे? त्यांनी भरा, पेशंटनी वाचून सही करा.” भावजय लगेच म्हणाली, “वन्संचं. लय बारीक अक्षर हाय त्यांचं.” आणि ती हृदयाच्या पट्टीचा कागद आणायला खाली गेली.

मी भरत गेले. नाव, वय, गाव, वजन. कसली ॲलर्जी नाही. आधीची भूल नाही. तिसऱ्या पानावर तो प्रश्न होता, मॅडमनी विचारलेलाच, फक्त छापलेला. ‘यापूर्वी स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न? असल्यास किती वेळा, केव्हा?’ भाऊ माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी पेन टेकवलं. त्या अर्जावर लिहिलं होतं तेच माझं अक्षर. मनात देवाला म्हणाले, कोपायचं तर माझ्यावर कोप.

मी लिहिलं, ‘होय. एकदा. तेरा वर्षांपूर्वी. फवारणीचं खोटं होतं.’

मान वर करायची हिंमत नव्हती. मग त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं. मला वाटलं, आता खोडतो, आता उठून जातो. त्यानं फॉर्म स्वतःच्या मांडीवर ओढला आणि खोडलं ते फक्त ‘एकदा’. त्याच्या वर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘दोनदा’.

“कवा?” मागून आवाज आला. भावजय हातात पट्टी घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं सगळं वाचलं होतं.

तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “धाकटी पाळन्यात व्हती तवा. तू माहेरी व्हतीस. औषधाच्या खोलीत आई मागून आली, तिनं हातातून हिसकून घेतलं. पोटात गेलं न्हाई काई.” मग जरा थांबून, “त्या बारीला कुनी इचारलंच न्हाई. मग कुनाला सांगू?”

धाकटी आता चार वर्षांची आहे. मी मनात वर्षं मोजत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं आईची कंबर येत होती, चावी खोचलेली. दारातली बाज. न गेलेली लग्नं. मी तिला म्हणाले होते, नुसती दारात बसून राहतीस.

भावजय खाली बसली, फरशीवरच, त्याच्या पायांशी. मला वाटलं आता ही बोलेल, रडेल, फसवलंत म्हणेल. म्हणायचा हक्क होता तिला, आणि नंतर घरी आल्यावर तिनं मला ते म्हटलंही, चांगलं ऐकवलं, मी ऐकून घेतलं. पण त्या क्षणी तिनं माझ्या पिशवीतून घोंगडी ओढून काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. “वन्संला दिऊन टाकली व्हती व्हय?” एवढंच विचारलं. तो रडायला लागला. दोन वर्षांत तो रडला नव्हता.

मॅडमनी फॉर्म वाचला, मग त्याला एकट्याला आत घेतलं. अर्ध्या तासानं आम्हाला बोलावलं. रागावल्या नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “हे आज सांगितलंत, बरं झालं.” सोमवार रद्द झाला. आज इथंच ठेवायचं, रक्तदाबावर आजपासूनच लक्ष, भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून उद्या सकाळी बोलावायचं, रक्तदाब ताब्यात आला तर उद्याच पहिली सलाईन. पहिल्या दोन सलाईन होईपर्यंत घरी जायचं नाही. पुढच्या चारांचं नंतर बघू. गुण येईल का हे त्या आजही सांगू शकत नव्हत्या. गावाकडच्या घरातली औषधं कुठं आहेत ते विचारलं, आणि ती घरातून कायमची काढून टाका म्हणाल्या. मी म्हणाले, कुलूप आहे, आईकडं चावी आहे. त्या म्हणाल्या, “एकट्या आईवर किती दिवस टाकणार?”

मी पर्समधून खाकी कागद काढला आणि उलटा केला. कोऱ्या बाजूवर पुन्हा सहा चौकोन आखले. पहिल्यात ‘उद्या’ लिहिलं. बाकीचे पाच मोकळे ठेवले. खाली यादी करायला गेले, पण हात थांबला. आधी एक फोन करायचा होता.

जिन्यात उभं राहून मी बोरीला फोन लावला. आईनं पहिल्याच रिंगला उचलला, फोन हातातच धरून बसली असणार.

“आई, मी सांगितलं.”

मला वाटलं होतं, ती देवाचं नाव काढेल, वडिलांचं काढेल. तिनं विचारलं, “किती सांगितलं?”

“त्यानंच सांगितलं. दोनदा.”

पलीकडं मेंढरं ओरडत होती, लांब कुठं तरी. मी म्हणाले, “आई, तू मला का गं न्हाई बोललीस?”

“आता त्येच्यापशी कोन हाय?” तिनं विचारलं.

“त्याची बायको हाय. मी हाय. नर्स हाय, डॉक्टर हायेत. रातभर कुनी ना कुनी जागं राहनार हाय.”

“सुनंला कळलं?”

“कळलं. त्याच्यापशी बसलीय.”

मग तिचा आवाज आला, इतका थकलेला आणि इतका हलका की मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

“मंग मी आज जरा पडू का गं?”

दुपारचे दोन वाजले होते. मी म्हणाले, “पड आई.”